पोतारलेली भिंत

आमचे काशीनाथकाका निजामाच्या राज्यात हैद्राबादच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे, तेही उर्दूतून. पिंगळीतल्या लोकांना एवढ्यानंच भोवळ यायची. त्यात काकांचं संशोधन म्हणजे ताऱ्याच्या पोटातली उष्णता बाहेर कशी येते, याचं गणित. ना दुर्बीण, ना भट्टी. माणूस आपला भिंतीकडे बघत बसलेला. माझे आजोबा गोविंदराव शाळामास्तर होते, पण लेकाला पगार नेमका कशाचा मिळतो हे त्यांनाही शेवटपर्यंत कळलं नाही.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते, कागद मिळेना. रजेवर आलेले काका मधल्या खोलीच्या भिंतीवर कोळशानं गणित मांडत. थंडीत शास्त्रज्ञांच्या सभेत ते वाचायचं होतं, आणि त्यावर प्रोफेसरची जागा ठरायची होती. उत्तर सापडलं तसे काका हरखून गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परभणीला कागद आणायला निघाले. भिंतीला हात लावू नका, एवढं सांगायचं मात्र राहिलं. उद्या घट बसणार, हे या विद्वानाच्या गावीही नव्हतं.

घटाआधी घर पोतारायचंच. माझ्या आजीनं, नर्मदाबाईनं, नव्या सुनेला फर्मावलं, "अंबिका, एक भिंत सोडू नको." राणीसावरगावहून नुकतीच नांदायला आलेली काकू ती. तिनं सगळीकडे पांढऱ्या मातीचा हात फिरवला.

संध्याकाळी कागद घेऊन काका खोलीच्या दारात आले, तर गणिताच्या जागी पांढरीफटक भिंत. घर गारठून गेलं. आणि जिनं हुकूम सोडला, तीच आजी म्हणाली, "पांढऱ्या पायाची हाय पोरगी. माझ्या लेकराचं सगळं पुसून टाकलं."

काका गप्प राहिले, याचा मला अजून संताप येतो. दसरा झाला आणि काकूला माहेरी धाडलं. काकांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

हैद्राबादला त्यांनी गणित पुन्हा मांडलं. उत्तर वेगळंच आलं. परत मांडलं, तरी तेच. मग त्यांनी भिंतीवरच्या पायऱ्या आठवून ताडून पाहिल्या. भिंतीवरचंच चुकलेलं होतं. तसंच सभेत वाचलं असतं तर जन्माचं हसं झालं असतं. त्यांनी नवं गणित वाचलं आणि जागा मिळाली.

तिथून काका थेट राणीसावरगावला गेले. ओसरीवर सासऱ्यांदेखत त्यांनी सगळं सांगितलं. "ते चुकलेलंच होतं. तू पुसलंस म्हणून मी वाचलो. चल घरी."

काकू जागची हलली नाही. मान खाली घालून तिनं विचारलं, "आन् ते बरोबर निघालं असतं, तर तुमी मला न्यायला आला असता का?"