लिओकादियाच्या लेकीचं जावळ

खोटं कशाला बोलू, लिओकादिया मला डोळ्यांसमोर नको व्हायची. आमची घरं एकाच उतारावर, बटाट्याची शेतं बांधाला बांध, बाळंतपणंही एकाच महिन्यातली. आणि तरी आरोग्यकेंद्राच्या भिंतीवर गावाचा जो नकाशा लावलाय, त्यात तिच्या घरावर हिरवा झेंडा नि माझ्या घरावर लाल! लाल म्हणजे पोर खुरटलंय. राजधानीतल्या, लिमाच्या सरकारनं माझी लाज अशी चारचौघांत टांगून ठेवली.

लिओकादियाचं नाक लागलं आभाळाला. झऱ्यावर कपडे आपटता आपटता म्हणायची, "काय गं एर्मेलिंदा, आज नर्सबाई येणार वाटतं तुझ्याकडे? आमच्याकडे फिरकतच नाही बाई. कामच नाही तिला!"

माझा नुसता तिळपापड व्हायचा. नर्सबाई दर आठवड्याला येऊन माझी चूल तपासायची. "अंडी बाजारात विकता आणि पोराला पातळ सूप पाजता? दाट भरवा. अंडं द्या, कोंबडीचं रक्त शिजवून द्या." अहो, सूप तर लिओकादियाही पाजायची, ते पण निव्वळ पाणी! वांकाव्हेलिकाच्या बाजारात आमची अंडी एकाच टोपलीतून जायची. मग तिचीच रोसमेरी उंच कशी?

एकदा सहज पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कळलं. बोटं पेरभर आत गेली. आमच्यात जावळ काढेपर्यंत केसांना कात्री नाही की फणी नाही. पोरीच्या डोक्यावर जटांची गादीच झाली होती. नर्सबाई शहरची, आमच्या रिवाजाला हात लावायला भ्यायची. उंची मोजताना डोक्यावरची सरकती फळी जटांना टेकली की तोच आकडा लिहायची. माझ्या योएलच्या डोक्यात उवा झाल्या, म्हणून सासूनं त्याचं जावळ लवकर उरकलं होतं.

सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. म्हटलं, मिरव बाई, मिरव. जावळ निघालं की साऱ्या गावासमोर तुझा झेंडा उतरेल. चौदा महिने मी ते सुख एकटीच चघळलं.

आणि बघा ना, पहिली बट कापायचा मान तिनं मलाच दिला. "तुझ्या हाताला यश आहे गं. तुझा योएल कसा भरलाय बघ." मी आहेर म्हणून कोकरू घेऊन गेले नि कात्री चालवली. इतक्या आनंदानं कुणी कुणाच्या पोरीचं जावळ काढलं नसेल.

दुसऱ्या दिवशी मोजमाप. फळी खाली येत येत थेट टाळूला टेकली. नर्सबाईनं पुन्हा मोजलं, मग नकाशावरचा हिरवा झेंडा उपटून लाल टोचला. माझा, नर्सबाईचं ऐकून अंडी नि रक्त भरवल्यावर, गेल्याच महिन्यात हिरवा झाला होता. याच घटकेची तर मी वाट बघत होते.

"दोन वर्षं झाली हिला," नर्सबाई हळू आवाजात म्हणाली. "या दोन वर्षांत हुकलेली उंची पुढे भरून निघणं फार अवघड."

लिओकादिया भांडली नाही. माझ्याकडे वळली. जावळामुळे आता आम्ही कोमाद्रे, म्हणजे मानलेल्या बहिणी.

"कोमाद्रे, योएलला काय भरवत होतीस गं तू? मला कुणी सांगितलंच नाही."

चौदा महिने मी तिच्या शेजारी बसून कपडे धूत होते.