रोबोने घेतलेली हजेरी

घरोघरी डोंगलवर नेट चालायचं, त्या वर्षांतली ही गोष्ट. पनवेलच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात मी शिकवत होते. आमच्या लॅबमध्ये एक रोबो होता: चार चाकं, एक हात आणि वर कॅमेरा. रोबो एकच आणि त्याच्यावर काम करणारी मुलं साठ. म्हणून मी तो वायफायला जोडला आणि मुलांनी घरून, आपापल्या पाळीने तो चालवावा अशी सोय केली. एका वेळी ताबा एकाकडेच. दोघांनी एकदम हुकूम सोडले की तो भिंतीवर जाऊन आदळायचा, तेही एकदा होऊन गेलं होतं.

रांगेचे नियम मीच लिहिले. पाळी आली की दहा मिनिटं ताबा. मध्येच लिंक तुटली तर ताबा पुढच्याकडे, आणि तुटलेल्याने परत रांगेच्या शेवटी जायचं. दहा मिनिटं सलग पूर्ण झाली तरच हजेरी. हजेरीच्या बाबतीत मी खमकी होते. एकमेकांच्या प्रॉक्सी मारणाऱ्या मुलांनी मला इतकं पिडलं होतं, की आता यंत्रच हजेरी घेतंय याचा मला कोण आनंद झाला होता. स्टाफरूममध्ये मी तो मिरवलासुद्धा.

सेमिस्टर संपताना डिफॉल्टर लिस्ट लागली. तीत उरणजवळच्या मोरा गावची एक मुलगी होती. मासेमारी करणाऱ्या घरातली, वर्गात पहिल्या बाकावर बसणारी, कमी बोलणारी. माझ्या प्रॅक्टिकलला तिची हजेरी जवळजवळ शून्य. पद्धतीप्रमाणे पालकांना बोलावलं. वडील त्या दिवशी होडी न काढता आले, इस्त्रीचा शर्ट घालून. खुर्ची दिली तरी उभेच राहिले.

"मी रोज बसत होते मॅडम," मुलगी म्हणाली. "नेट जायचं."

"सगळ्यांचंच जातं. तुझंच बरं दर वेळी जातं!" मी म्हणाले आणि छापलेला तक्ता वडिलांपुढे सरकवला.

त्यांनी तो वाचला नाही. लेकीकडे वळून म्हणाले, "मॅडम सांगतात ते खोटं कसं असेल? रोज गच्चीवर लॅपटॉप घेऊन बसायचीस, ते काय मग? आमाला येडं बनवत होतीस?" मी दाखवलं तिथे त्यांनी सही केली. ती परीक्षेला बसू शकली नाही. तिचं वर्ष गेलं.

नव्या बॅचच्या वेळी रोबो चालता चालता अडकू लागला, म्हणून मी जुन्या नोंदी उघडल्या. त्यात तिचा रोल नंबर सारखा दिसायला लागला. ताबा मागितला, मिळाला, लिंक तुटली. पुन्हा मागितला. एकेका दिवशी सात-सात, आठ-आठ वेळा. एकदा तर ती नवव्या मिनिटापर्यंत पोचली होती. हे सगळं पहिल्या दिवसापासून माझ्याच मशीनमध्ये होतं. मी फक्त हजेरीचा तक्ता बघत आले होते. मला माझी विलक्षण लाज वाटली. प्राचार्यांकडे धावले, तर ते म्हणाले, आता काही करता येणार नाही. नियम तेवढा मी बदलला: लिंक तुटली तर जागा थोडा वेळ राखून ठेवायची आणि मिनिटांची बेरीज करायची. अर्ध्या तासाचं काम होतं ते.

मोऱ्याला मी स्वतः गेले. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. वडील ओट्यावर फाटलेलं जाळं शिवत बसले होते. मुलगी माझ्यासाठी पाण्याचा पेला घेऊन बाहेर आली. दोघांसमोर मी सांगून टाकलं, की ही रोज हजर होती, खोटं एक अक्षर बोलली नव्हती, चूक माझी होती.

मला वाटलं, आता ते माझ्यावर भडकतील. भडकले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हातातलं जाळं खाली ठेवलं.

"त्या दिवसापासून मी हिच्याशी बोललो नाय मॅडम," ते म्हणाले. "चार महिने झाले. ती जेवण वाढते, मी जेवतो नि उठतो. तुमी सांगितलं होतं ना."

मग त्यांनी लेकीला नावाने हाक मारली. ती त्यांच्या समोरच उभी होती.