हिमेनेसरावांचं नाव घेते

आता माझी अब्रू माझ्याच तोंडाने घालवायची म्हणता? बरं, चहा ओता, सांगतो. पण हसायचं ते शेवटी.

सानगडीजवळच्या आमच्या तलावावर हिवाळ्यात परदेशी पाखरं उतरतात. ती बघायला यंदा स्पेनहून दोन माणसं येणार होती. जागा आवडली, तर दर हिवाळ्यात त्यांच्या बारा जणांचा गट येणार, गावातच राहणार, आमच्या मच्छीमारांच्या डोंग्यातून फिरणार. मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष नामदेवभाऊ नुसत्या आशेवर इतके फुलले, की घरात कमोड बसवून मोकळे झाले.

आणि स्वागताला कोण? मी! पंचवीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवतोय. पंचक्रोशीत दुसरा आहे कोण?

पत्रात दोन नावं होती. एलेना जिमेनेझ ओर्तेगा आणि पाब्लो गार्सिया लुना.

"जिमेनेझ बाई कवा येऊन राहिल्या?" नामदेवभाऊंनी विचारलं.

"जिमेनेझ नाही हो भाऊ! हिमेनेस. इंग्रजीवाले काहीही म्हणतात. स्पॅनिशमध्ये तो जे म्हणजे आपला ह."

हे मी मोबाइलवर तीन दिवस घोकलं होतं. म्हशीला पाणी पाजतानाही 'हिमेनेस, हिमेनेस' चालू. म्हैस ओ द्यायला लागली, शप्पथ!

मग मी चष्मा पुसला आणि गावाला नावं उलगडून दिली. आधी स्वतःचं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव. म्हणजे एलेनाच्या नवऱ्याचं नाव हिमेनेस, आडनाव ओर्तेगा. पाब्लोच्या बापाचं नाव गार्सिया, आडनाव लुना. जगात नाव लिहायची याहून वेगळी रीत असेल, असं तुमच्या तरी डोक्यात आलं असतं का?

नामदेवभाऊंच्या कमलवहिनी सूप खाली ठेवून म्हणाल्या, "भाऊजी, मंग पत्रात एकच खोली पुरे असं काहून लिवलं?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"आपल्या गावात हे जमणार नाही," मी निकाल दिला. "बाई तुमच्या घरी. लुनांची खाट संस्थेच्या खोलीत."

संस्थेच्या त्या खोलीत जाळी वाळत असतात. वास असा, की मांजरही नाक मुरडून जातं. पाब्लो बिचारा आला, आणि इथली पद्धतच असेल म्हणून हसत हसत खाटेवर बॅग ठेवून आला.

एलेना पस्तिशीची, हसरी. मी हात जोडले, "वेलकम, मिसेस हिमेनेस!"

बाई चकितच झाली. इंग्रजी बोलणारे माझ्या नावाची वाट लावतात, नीट म्हणणारे तुम्ही पहिले, म्हणाली. मी वळून नामदेवभाऊंकडे असं पाहिलं, जणू तलाव मीच खोदलाय.

तिथेच थांबायचं ना? नाही! मी अदबीने विचारलं, "मिस्टर हिमेनेस कसे आहेत?"

"ऐंशीचे झाले," ती इंग्रजीत म्हणाली. "गुडघे गेलेत. घरी एकटेच आहेत."

मी भाषांतर केलं. अंगणातल्या बायांनी तोंडाला पदर लावले.

"ऐंशी?" कमलवहिनी पुटपुटल्या. "आन् हे अशी पोरगी? इचारा बापा, ह्या पाब्लोचं त्याइले मालूम हाय का?"

मी विचारलं. एलेना खुशीत म्हणाली, "अहो, पाब्लोवर त्यांचा भारी जीव! आमची तिकिटं त्यांनीच काढली!"

हेही मी सांगून टाकलं. मास्तर माणूस, गाळणार कसा?

"देवमाणूस हाय बापा हिमेनेसराव," नामदेवभाऊंनी टोपी काढली.

वहिनींना त्या म्हाताऱ्याची अशी काही दया आली, की त्यांनी ठरवलं, ह्या बाईची ओटी भरायची आणि चार बायांत नवऱ्याचं नाव घ्यायला लावायचं. तेवढंच मन फिरलं तर फिरलं! उखाणा रचला कोणी? अर्थात मी. रोमन अक्षरांत कागदावर लिहूनही दिला.

एलेनाने पदर म्हणून ओढणी घेतली, नारळ-तांदूळ घेतले आणि ठणठणीत आवाजात म्हणाली:

"तळ्यात फुललं कमळ, बांधीत डुलतं धान,
हिमेनेसरावांचं नाव घेते, राखते सगळ्यांचा मान!"

टाळ्या! पाब्लो तर मोबाइलवर शूटिंग करत नाचत होता. वहिनी त्याच्याकडे अशा बघत होत्या, की काय निर्लज्ज आहे हा!

"किती गोड! अर्थ काय?" एलेनाने विचारलं.

मी छाती काढून सांगितलं, "बायको चार जणांत नवऱ्याचं नाव घेते, त्याचं हे गाणं."

तिचा चेहरा हळूहळू बदलला. नारळ खाली ठेवला. "पण हिमेनेस तर माझे वडील आहेत!"

मग तिने मला शांतपणे शिकवलं. त्यांच्याकडे दोन आडनावं. आधी बापाचं, मागून आईचं. लग्न झालं तरी बाई आपलीच आडनावं ठेवते. तिचे वडील हिमेनेस, आई ओर्तेगा. आणि ज्याची खाट जाळ्यांच्या वासात टाकली तो पाब्लो, तिचा नवरा, आठ वर्षांचा संसार!

नामदेवभाऊ कमोडकडे बघत मटकन खाली बसले. गेला गट, गेले डोंगे!

मी कान धरून इंग्रजीत सगळं कबूल केलं. मग पाब्लो जो हसत सुटला, तो अंगणातल्या खाटेवर बसताबसता खाटेसकट उलटला. एलेनाने तिथूनच बापाला व्हिडिओ कॉल लावला. ऐंशीचा म्हातारा इतका हसला, की कवळी हातात काढून घ्यावी लागली.

गेल्या आठवड्यात पत्र आलं. गट येतोय! बारा जणांची नावं, प्रत्येकाची दोन-दोन आडनावं. नामदेवभाऊ कागद घेऊन धावत आले. मी खिशातून चष्मा काढला, पण मधेच कमलवहिनींनी कागद ओढून घेतला.

"भाऊजी, तुमी फकस्त उच्चार सांगा. कोन कोनाचं कोन, ते आमी त्याइलेच इचारून घेऊ."