मामूंनी कापलेली खुर्ची

धाड गावच्या एसटी स्टँडजवळ फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवणारे वेल्डर मामू मोठ्या माणसांशी बोलताना कायम चिडलेले असत आणि लहान मुलांशी बोलताना हमखास खाली बसत. मी तेव्हा आसपासच्या शाळांतल्या दिव्यांग मुलांसाठी करारावर नेमलेली फिरती शिक्षिका. शाळेच्या खिडकीला जाळी बसवायला आले असताना, पहिल्याच भेटीत ते माझ्यावर खेकसले, "बाई, पोरगी घसरून राह्यली खुर्चीतून. दिसत नाही का तुम्हाले?"

दिसत होतं. नऊ वर्षांच्या प्रज्ञाला चाकाची ती खुर्ची सरकारी शिबिरात मिळाली होती. हार झाले, भाषण झालं, फोटो झाले. तिचं माप मात्र कुणी घेतलं नाही. तिचा स्नायूंवर जन्मापासून पुरता ताबा नव्हता, बुद्धी मात्र लख्ख. मोठ्या माणसाच्या त्या खुर्चीत ती एका अंगाला कलंडायची. पडू नये म्हणून दोन्ही हातांनी दांडे धरले, तर लिहायचं कशानं?

मामू तिच्यासमोर उकिडवे बसले. "कुठं टोचते, बेटा?" प्रज्ञाला एक वाक्य बोलायला वेळ लागतो. तिला शाळेत सोडायला आलेले वडील मध्येच सांगू लागले, तसे मामू उसळले, "तुमाले इचारलं का? खुर्ची तिची हाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची कापली. बैठक अरुंद केली, पाय ठेवायची पट्टी वर घेतली, बाजूंना गाद्या लावल्या, समोर वहीसाठी फळी बसवली. त्या आठवड्यात प्रज्ञानं पहिल्यांदा स्वतःच्या हातानं गणित सोडवलं. आकडे वाकडे, उत्तर बरोबर.

महिन्याभरानं तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब आले. त्यांना गणित दिसलं नाही, वेल्डिंगचे जोड दिसले. "ही तर शासकीय साहित्याची मोडतोड!" मला जबाब लिहायला सांगितलं. परवानगीशिवाय बदल केला, एवढंच मी लिहून दिलं. माझा करार दरवर्षी त्यांच्याच सहीनं पुढे वाढायचा. प्रज्ञाला उचलून सतरंजीवर ठेवलं आणि खुर्ची जीपमध्ये चढवली. आजही आठवलं की अंगाची लाही होते. साहेबांचा राग येतो, तितकाच माझा.

मामू धावत आले तेव्हा जीप सुरू झाली होती. "काऊन नेता?"

"नियम आहे," साहेब म्हणाले.

"मग नियमाले बसवा ना त्या खुर्चीत!"

जीप गेली. मामू माझ्याकडे वळले. आवाज एकदम खाली आला. "बाई, लिहिलं ते खरं हाय. पण अर्धंच काऊन लिहिलं?"

आठ दिवसांत त्यांनी पाइप वाकवून नवी खुर्ची बनवली. घाबरलेल्या मुख्याध्यापकांनी ती लेखी परवानगीशिवाय वर्गात घेतली नाही. प्रज्ञा घरी बसली.

उरलेलं अर्धं लिहायला मला कित्येक महिने लागले. आधी ती बसू शकत नव्हती, नंतर लिहू लागली, खुर्ची नेऊन आपण तिची शाळा बंद केली, असं सगळं लिहून वर पाठवलं. परवानगी आली, तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. माझा करार पुन्हा झाला नाही.

मी ते मामूंना सांगायला गेले. शाबासकी मिळेल असं वाटत होतं, खोटं कशाला बोलू? त्यांनी मला बसायला स्टूल दिलं, चहा मागवला.

"नोकरीचं वाईट वाटते, बाई," ते म्हणाले. "पण पोरीचं वर्ष कोण वापस देईन?"

प्रज्ञा जूनमध्ये मामूंनी बनवलेल्या खुर्चीतून शाळेत गेली. त्याच पावसाळ्यात मामू अचानक वारले. आजही कुठल्या कागदावर सही करण्याआधी मी तो पुन्हा वाचते, अर्धाच तर लिहिला नाही ना म्हणून.