घंटा कोणाच्या गळ्यात

अर्धी वाट झाली होती आणि खिंड अजून डोक्यावरच होती, तेव्हा पुढची शेळी, क्रूला, खाली बसली. तिच्या गळ्यातली पितळी घंटा एकदा वाजली आणि गप्प झाली. मागच्या दोघी शेळ्याही थांबल्या.

"ऊठ गं बाई," ओशिल्ड म्हणाली. "एवढी शिंगं मिरवतेस आणि पायात जीव नाही?"

ओशिल्ड माझी शेजारीण. एकतीस वर्षं तिने आमच्या फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेल्या समुद्राच्या, काठाने शाळेची बस चालवली. निवृत्त झाल्यावर लोक प्रवासाला जातात. हिने गोठ्यातली अडगळ बाहेर काढून शेळ्यांसाठी जागा केली. दूध घरचं, चीज घरचं, शेळ्यांना विकतच्या पोत्यातलं खाणं नाही, असा तिचा बेत. उन्हाळाभर ती बर्चच्या झाडांच्या डहाळ्या तोडायची, जुड्या बांधायची आणि हिवाळ्यासाठी माळ्यावर वाळवायची. शेळी दारात यायच्या आधीच माळा भरला होता.

पहिल्यांदा ती एकच शेळी मागायला गेली, तर खिंडीपलीकडच्या म्हाताऱ्या एरलिंगने तिला दारातूनच परत पाठवलं. "एकटी शेळी दिवसभर रडते आणि शेजाऱ्यांना रडवते. तीन ने, नाहीतर एकही नाही." त्याच्या बाकीच्या अटी इकडे सगळ्यांना ठाऊक आहेत. शेळ्या गाडीत घालून न्यायच्या नाहीत, चालवत न्यायच्या. आणि नव्या घरी पहिल्या सकाळी गोठ्याचं दार सताड उघडायचं. मागे फिरल्या, तर त्या त्याच्याच. पुन्हा विचारायला यायचं नाही.

म्हणून क्रूला बसली तसा ओशिल्डचा चेहरा उतरला. तिने दोर ओढला. शेळी उठली, पण तोंड केलं ते एरलिंगच्या घराकडे.

"ओढू नकोस," मी म्हटलं. "ती बस नाही."

"बस बरी. किल्ली फिरवली की ऐकते तरी."

तिने मिठाची पुरचुंडी पुढे धरली. क्रूलाने मीठ चाटून संपवलं आणि पुन्हा मागे पाहिलं. देवा, हिचं एवढं होऊ दे, मी मनात म्हटलं.

ओशिल्ड दगडावर टेकली. दमली म्हणून नव्हे, नीट बघता यावं म्हणून. बसच्या आरशात बघूनच तिला कळायचं म्हणे, आज भांडण कोण काढणार.

"गप्प राहा जरा," ती म्हणाली. "या कोणाकडे बघतायत?"

मीही बघितलं. तपकिरी शेळी क्रूलाकडे बघतच नव्हती. क्रूला मागे बघत होती, पण घराकडे नव्हे. दोघींचे कान वळले होते सगळ्यात मागच्या दोक्काकडे. दोक्का करडी, बुटकी, एक शिंग मोडलेली म्हातारी. ती आरामात झुडपाचा पाला ओरबाडत होती.

"अगं बाई!" ओशिल्डने कपाळावर हात मारला. "एरलिंगने घंटा माझ्या हातात दिली. म्हणाला, तूच बांध. घंटा म्होरकीची, आणि मी शिंगं बघून बांधली! तरीच मिशीत हसत होता मेला."

"आणि बोलला नाही?"

"तो कशाला बोलेल? त्याला शेळ्या परत हव्यात."

घंटा सोडून तिने दोक्काच्या गळ्यात बांधली. दोक्काने मान झटकली, हरवलेली वस्तू सापडावी तशी, आणि खिंडीची वाट धरली. बाकीच्या दोघी मुकाट मागे. आम्ही त्यांच्याही मागे, धापा टाकत. वर पोचून भाकरीसारखा पातळ पाव आणि तपकिरी चीज खाल्लं, तेव्हा दोक्काने ओशिल्डच्या खिशात तोंड घालून उरलेला तुकडा स्वतःच घेतला.

चार वाजता घरी. नव्या हाताला दोक्काने जेमतेम कपभर दूध दिलं. ओशिल्डने ते फडक्यातून गाळलं, अर्धं मला दिलं. कोमट होतं, पाल्याचा किंचित वास होता. मला वाटलं, आता ही खूश. पण तिची नजर गोठ्याच्या दाराकडेच.

"नेमकं काय होतं गं या दोक्काच्या डोक्यात?" ती म्हणाली. "पुढे चालली ती माझ्याबरोबर यायला, की नुसता डोंगर बघायला?"

"उद्या कळेल."

"म्हणूनच म्हणते. उद्या सहाला मी दार उघडेन. तू खिंडीच्या वाटेवर उभी राहा. तिकडे आल्या तर अडवू नकोस, हाकही मारू नकोस. एरलिंगला दिलेला शब्द आहे. फक्त पुढे कोण आहे ते नीट बघ, आणि मला येऊन सांग. या वेळी तरी घंटा बरोबर गळ्यात पडली का, ते कळू दे."