बहिणीचं टेम्प्लेट

आमच्या अंधेरीच्या ऑफिसात दातांच्या दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर बनतं. मागच्या वर्षी एका पेशंटला मेसेज गेला, ‘तुमची भेट उद्या अनडिफाइन्ड वाजता आहे.’ डॉक्टरांनी तो आमच्या साहेबांना पाठवला, साहेबांनी मला. चूक साधीच होती. डेटाबेसमध्ये कुणीतरी वेळेच्या रकान्याचं नाव बदललं होतं आणि मेसेज पाठवणाऱ्या कोडला ते कुणी सांगितलंच नव्हतं.

साहेब म्हणाले, “नवीन व्हर्जन टाइप-सेफ करायचं. डेटाबेसपासून स्क्रीनपर्यंत. कुठे जुळत नसेल तर लिहितानाच लाल रेघ आली पाहिजे. पेशंटला कळायच्या आधी आपल्याला कळू दे. स्टार्टर टेम्प्लेट कुठलं घ्यायचं ते तुम्ही दोघं ठरवा.”

दोघं म्हणजे मी आणि माझ्या शेजारी बसणारी सहकारी. स्टार्टर टेम्प्लेट म्हणजे वायरिंग झालेला, नळ जोडलेला रिकामा फ्लॅट. लॉगिन, डेटाबेस, स्क्रीन सगळं आधीच जोडलेलं असतं, आपण फक्त सामान लावायचं. इंटरनेटवर अशी ढीगभर फुकट मिळतात. पण निवडताना जपावं लागतं, कारण राहायला गेल्यावर भिंती हलवता येत नाहीत.

माझं मनात ठरलं होतं. एक मोठं, नावाजलेलं टेम्प्लेट होतं, ते घ्यायचं.

“मला एक सापडलंय,” सहकारी म्हणाली. “छोटंसं आहे, पण झकास आहे. बघ ना.”

तिनं लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. अशा टेम्प्लेटमध्ये नमुना म्हणून कामांची यादी दिलेली असते. इथे मासळीची होती. बांगडा, तारली, मोरी आणि शेवटी ‘पापलेट: संपलं’. ती हसत होती. मला हसू आलं नाही. यादीखाली बनवणारीचं नाव होतं, आणि ते लग्नानंतरच्या आडनावासकट माझ्या धाकट्या बहिणीचं होतं.

बहीण कॉमर्सची. मी इंजिनिअर. मुलुंडच्या आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, कोडची पहिली ओळ तिला मी शिकवली. लग्न होऊन ती घाटकोपरला गेली, एका छोट्या कंपनीत लागली, आणि मोकळ्या वेळात काहीतरी बनवतेय असं एकदा तिनं मला सांगितलं होतं. लिंकही पाठवली होती. मी अंगठा पाठवला आणि लिंक उघडली नाही.

“जिनं कुणी हे लिहिलंय ना, ती फार समजूतदार बाई असणार,” सहकारी म्हणाली. “एरर आला की नुसता ओरडत नाही. नेमकं कुठे चुकलं, का चुकलं, सगळं नीट सांगतो.”

समजूतदार म्हणे! कंस कुठे बंद करायचा ते हिला कुणी दाखवलं?

“एकट्या माणसाचं काम आहे,” मी म्हणालो. “उद्या तिला कंटाळा आला तर? आपली वाट लागेल.”

मुद्दा खरा होता, म्हणूनच मला तो आवडला. सहकारीलाही पटला. ती म्हणाली, “मग दोन्ही लावून बघू. एकच स्क्रीन, दोन्हींत. तू तुझं घे, मी हे घेते.”

दोन्ही स्क्रीन तयार झाल्यावर आम्ही मुद्दाम तीच जुनी चूक केली. डेटाबेसमधल्या वेळेच्या रकान्याचं नाव बदललं. माझ्या टेम्प्लेटमध्ये मधली एक फाइल पुन्हा बनवायची आज्ञा द्यावी लागत होती, आणि ती दिली नाही तर सगळं शांत. एकही लाल रेघ नाही. बहिणीच्या टेम्प्लेटमध्ये मात्र सर्व्हर, स्क्रीन, मेसेज, जिथे जिथे ते नाव होतं तिथे तिथे लाल रेघा उमटल्या.

“बघ!” सहकारी टाळी वाजवून म्हणाली.

मी बघत होतो. इतकं नेटकं काम मला जमलं नसतं, हे मला त्या रेघांत स्वच्छ दिसत होतं. “हेच घेऊ,” मी म्हणालो आणि चहा घ्यायला उठलो. ते कुणाचं आहे हे मात्र मी सांगितलं नाही.

रविवारी बहीण मुलुंडला जेवायला आली. आईनं वाढायला घेतलं तेवढ्यात मी एकदाचं सांगून टाकलं, “तुझं टेम्प्लेट आमच्या ऑफिसात घेतलंय.”

मला वाटलं, आता ही मिरवणार. बाबांनीच आधी मान वर केली आणि लेकीकडे बघत मालवणीत विचारलं, “म्हणजे आमच्या चेडवाचा काम तुमच्या हापिसात चलतला?” त्यांचा चेहरा असा फुलला की माझ्या पहिल्या नोकरीच्या दिवशीही तो तसा फुलला नव्हता. निदान मला तसं वाटलं.

बहिणीचा चेहरा मात्र उतरला. “खरे पेशंट असणार, दादा? खरी नावं, खरे फोन नंबर?”

“मग काय खोटे?”

ती अर्धवट जेवून उठली आणि लॅपटॉप घेऊन आली. “लॉगिनचा भाग बघशील? तिथे मला भरवसा नाही वाटत. दुसऱ्या कुणाला विचारायला लाज वाटते रे.”

मी बसलो. खोटं कशाला बोलू, चूक सापडावी असंच मला वाटत होतं. आणि सापडली. लॉगआउट केल्यावरही जुनं सेशन सर्व्हरवर जिवंत राहत होतं, म्हणजे माणूस बाहेर पडला तरी दार उघडंच. क्षणभर मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी पाणी प्यायलो. मग तिला दाखवलं.

“अरे देवा!” ती म्हणाली, आणि पुढच्याच क्षणी तिच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं दिसलं. “बरं झालं तू बघितलंस.” तिनं तिथेच बसून ते दुरुस्त केलं आणि बदलाच्या टिपेत लिहिलं, ‘चूक शोधली: दादा.’

सोमवारी सहकारीनं ती टीप वाचली. “बघ, रविवारीसुद्धा काम करते बाई. आणि हा दादा कोण रे?”

आता लपवण्यात अर्थ नव्हता. “मी,” मी म्हणालो. “माझी बहीण आहे ती.”

“आणि तू आम्हाला सांगितलं नाहीस? वेडा आहेस का?” मग तिनं उठून पलीकडच्या टेबलावर, साहेबांच्या केबिनमध्ये, सगळीकडे सांगून टाकलं. दुपारपर्यंत ऑफिसभर माझी ओळख बदलली होती. इतकी वर्षं मी इथला सीनिअर होतो, आता तिचा भाऊ झालो.

नवं व्हर्जन सुरू झालं. दवाखान्यांची तक्रार नाही, सगळं नीट चाललंय. बहिणीनं टेम्प्लेट ज्या साइटवर ठेवलंय, तिथे लोकांना एखादं काम आवडलं की ते त्याला तारा देतात. ऑफिसात आलो की कामाला लागण्याआधी मी बहिणीचे तारे बघतो. वाढलेले दिसले की आत कुठेतरी टोचतं. आणि वाढलेले नसले, तर आज कुणीच का दिला नाही म्हणून रागही येतो.