आजानं दाखवलेला धुरा

माझा आजा गोंदाजी महार. वऱ्हाडाचा कारभार नागपुरातून चालायचा, त्या काळात आमच्या गावात जमिनीचा तंटा पडला की महाराचा शब्द शेवटचा असायचा. मातीचं ढेकूळ डोक्यावर घेऊन तो चालेल तोच धुरा, म्हणजे दोन वावरांमधली हद्द. त्याच महारानं विहिरीचा दोर धरला तर मात्र गाव बाटायचं. वा रे गाव!

एका उन्हाळ्यात उत्तमराव आणि इंद्रभान या दोन मालदार शेतकऱ्यांचं धुऱ्यावरून वाजलं. खामगावहून मोजणीदार आला. आजाला बोलावणं गेलं. भर उन्हात तो आला आणि उत्तमरावाच्या विहिरीपाशी थांबला.

"पहिले पाणी पेतो," तो म्हणाला.

"थांब बे, ओंजळ कर. वरून ओततो," उत्तमराव म्हणाला.

"मालक, माह्या हातानं तुमची विहीर बाटते, मंग माह्या पायानं तुमचं वावर काऊन बाटत नाही?"

आजानं स्वतः पाणी शेंदलं आणि पोटभर प्याला. मग ढेकूळ डोक्यावर ठेवून तो सरळ चालत गेला. त्याच्या पावलांमागे मोजणीदारानं दगड रोवले. उत्तमरावाची नांगराच्या दोन तासांएवढी जमीन गेली, तरी त्यानं तो धुरा मान्य केला.

दुसऱ्या दिवशी त्यानं गोमूत्र शिंपडून विहीर शुद्ध करून घेतली.

दगड अजून तिथंच आहेत. ते शुद्ध करायची छाती आजवर कोणाची झाली नाही.